तोकुजीच्या वाडग्याचं झाकण

मासुए लग्न होऊन सुगिदानी या कुंभारांच्या गावात आली त्या दिवशी सासऱ्याने तिच्या हातात ओल्या मातीचा गोळा ठेवला आणि म्हणाला, "धर. भाताचा वाडगा धरतेस तसा."

तिने धरला. जिनसाकूने तिच्या बोटांमधलं अंतर पाहिलं, अंगठा कुठे टेकतो ते पाहिलं, गोळा परत घेतला आणि चाकाकडे गेला. पुढच्या भट्टीत तिचा वाडगा निघाला. राखी रंगाचा, काठाला तपकिरी झाक. बुडाची कडी जरा उंच होती, कारण तिची बोटं आखूड होती आणि गरम भाताचा चटका त्यांना बसायला नको होता. त्या घरात सुनेचं स्वागत म्हणजे एवढंच. ज्याचा वाडगा त्याने मरेपर्यंत वापरायचा, दुसऱ्याने त्यात जेवायचं नाही. माणूस गेला की त्याला घराबाहेर काढताना त्याचा वाडगा उंबऱ्यावर आपटून फोडायचा, म्हणजे जीव जेवायच्या वेळेला परत येत नाही.

फळीवर तिच्याआधीचे चार वाडगे होते. जिनसाकूचा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत बेढब, कारण चांगला निघालेला नग तो कधी घरात ठेवत नसे. सासू हात्सूचा लहानसा, आतून काळपट झालेला. धाकटा दीर सेइगो तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता, त्याचा हात वाढेल तसा वाडगा बदलत होता. आणि तिच्या नवऱ्याचा, तोकुजीचा. फक्त त्याच्या वाडग्याला झाकण होतं. लहानपणी तो सारखा आजारी असायचा, सगळ्यांच्या मागून जेवायचा. भात गार होऊ नये म्हणून बापाने झाकण करून दिलं. पुढे मोठेपणी नवा वाडगा केला तोही झाकणासकट.

"दादाच्या वाडग्याला टोपी असते," सेइगोने नव्या वहिनीला पहिल्याच जेवणात सांगितलं. "त्याचं डोकं गार पडतं."

"तुझ्या डोक्यात गार पडायला आहे काय?" तोकुजी म्हणाला.

मासुएला नवऱ्याचं म्हणून जे आठवत राहिलं त्यात हे एक वाक्य होतं. बाकी फारसं काही साठलंच नाही. एक हिवाळा दोघं एकत्र राहिली. बर्फ वितळायच्या सुमाराला त्याला फौजेचं बोलावणं आलं आणि तो समुद्रापलीकडे मांचुरियाला गेला. जाण्याआधी त्याने कापलेले केस आणि नखं कागदात बांधून आईकडे दिली. जाणारे सगळेच देत होते, प्रेत आलं नाही तर अंत्यविधीला असावीत म्हणून.

सुगिदानीत एकच धंदा. डोंगरातून खोदून आणलेली दगडी माती ओढ्याच्या पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या लाकडी मुसळांखाली दिवसरात्र कुटली जाते. ती चाळायची, कालवायची, सुकवायची, तुडवायची, हे काम बायकांचं. चाकावर पुरुष बसतात, आणि एका घरातून एकच मुलगा बसतो. उतारावर चढत गेलेली भट्टी सगळ्यांची मिळून आहे, तिचे खण घरांत वाटलेले. ज्या घरात चाक बंद पडेल त्या घराचा खण बाकीची घरं वाटून घेतात. रीत कडक आहे, पण तिच्याविरुद्ध कधी कोणी तक्रार केलेली नाही, कारण प्रत्येक घराने कधी ना कधी दुसऱ्याच्या खणाचा तुकडा खाल्लेला आहे.

तोकुजी गेला त्या दिवसापासून हात्सूने त्याचं पान मांडायला सुरुवात केली. रोज सकाळी भाताची पहिली पळी त्याच्या वाडग्यात, वर झाकण. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत ते पान तसंच राहायचं. मग हात्सू झाकण उचलून उजेडाकडे धरायची. आतून थेंब जमलेले असले की माणूस जिवंत आहे. मग ती झाकण पालथं ठेवायची आणि दिवसाच्या कामाला लागायची.

गार झालेला तो भात मासुए खायची. नवऱ्याच्या पानातला घास बायकोनेच खावा असं हात्सूचं म्हणणं होतं. लढाई संपत आली तेव्हा तांदूळ नावाला उरला होता, भांड्यात रताळं आणि बार्लीच जास्त; पण तोकुजीच्या वाडग्यात जमेल तेवढा पांढरा भात जायचा.

"दादा तिकडे उपाशी," सेइगो म्हणायचा, "आणि वहिनी इकडे त्याच्या नावावर गुबगुबीत."

"तुला हवा का?" मासुए वाडगा पुढे करायची.

"नको बाबा. त्याला कळलं तर तिकडून बंदूक घेऊन येईल."

तोकुजीचं शेवटचं पत्र आलं त्यानंतर काही महिन्यांतच लढाई संपली. सेइगोचा नंबर लागायच्या आत संपली. शेजारच्या घरांत मेल्याचे निरोप आले, एकदोन घरांत माणसं परत आली. जिनसाकूच्या घरी काहीच आलं नाही. मांचुरियातल्या शिपायांना रशियाने उचलून सैबेरियात नेलं एवढं कळलं. तिथे कोण आहे आणि कोण नाही हे कोणालाच सांगता येत नव्हतं. सांगत होतं ते फक्त झाकण, आणि ते रोज ओलं निघत होतं.

असं दोन वर्षं चाललं. जिनसाकूच्या बोटांचे सांधे धरले. सकाळी चाकावर बसला की पहिले पाच-सहा वाडगे तो परत मातीत टाकायचा. चाक खरं तर सेइगोच चालवत होता. वीस वर्षांचा झाला होता आणि त्याचे वाडगे जड होते, पण खपत होते; शहरंच्या शहरं जळली होती, लोकांना जेवायला भांडी नव्हती.

त्या वर्षी भाताला लोंब्या धरल्या तेव्हा एकदा सकाळी जेवता जेवता तो म्हणाला, "बाबा, मी खाणीत जातो. कोळशाच्या. तिथे माणशी जास्तीचा तांदूळ मिळतो. बूटही देतात."

"आणि चाक?" जिनसाकू म्हणाला.

"चाक दादाचं आहे. मी कोण? तो येईपर्यंत जागा गरम ठेवणारं मांजर?"

"येणार आहे तो," हात्सू म्हणाली. "आज सकाळीसुद्धा झाकण ओलं होतं."

"आई, गरम भातावर झाकण ठेवलं तर ते ओलंच होणार! कुत्र्याच्या भातावर ठेवून बघ, तेही होईल."

हात्सूने भाताची पळी त्याच्या तोंडावर फेकली. गालाला चिकटलेली शितं सेइगोने शांतपणे वेचून खाल्ली. मग म्हणाला, "दादाने यावं, नाहीतर तो नाही असं या घराने एकदा म्हणावं. नाही म्हटलंत तर चाक माझं, मी राहतो. हिवाळ्यापर्यंत बघतो."

जिनसाकू कोणाकडेच न बघता जेवत राहिला. सेइगो गेला की चाक बंद, चाक बंद की खण गेला. हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

राहणं म्हणजे काय हे मासुएलाही माहीत होतं. ज्याचं चाक, घरची सून त्याची. गावात आणखी दोन घरांत तसं झालं होतं. ओढ्यावर माती चाळताना कानेआजी, शेजारची म्हातारी, सगळ्यांसमोर म्हणाली, "तुला काय गं चिंता? घोडा बदलेल, खोगीर तेच."

"खोगीर तरी आहे," मासुए म्हणाली. "तुमच्यावर तर आता माशीसुद्धा बसत नाही, आजी."

बायका हसल्या. मासुएही हसली, आणि चाळण जोरात हलवू लागली.

सेइगो तिला आवडत होता असं नव्हतं. नावडतही नव्हता. तो तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान होता आणि तिला वहिनी म्हणत होता. पण तो गेला तर त्या घरात दोन म्हातारी माणसं आणि ती उरणार होती, आणि माहेरी भावाच्या संसारात तिला जागा नव्हती. याशिवाय आणखी एक गोष्ट होती, जी ती कोणाशी बोलली नाही. तोकुजीचा आवाज तिला आठवेनासा झाला होता. टोपीवरचं त्याचं उत्तर आठवायचं, पण ते आता सेइगोच्या आवाजात ऐकू यायचं.

पानं पिवळी पडू लागली त्या दिवसांत झाकण फुटलं. मासुए ते ओढ्यावर विसळत होती, पाण्याने बोटं बधिर झाली होती, झाकण निसटून दगडावर आपटलं. दोन तुकडे हाती लागले, तिसरा वाहून गेला. तुकडे ओंजळीत घेऊन ती घरी आली तेव्हा हात्सूच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मग ती म्हणाली, "वाडगा शाबूत आहे ना? मग झालं."

"लाकडाचं करून देऊ?" सेइगोने विचारलं.

"लाकूड पाणी पितं," हात्सू म्हणाली. नवी भट्टी लागेपर्यंत तिने एक बशी उपडी घालून चालवलं. बशीला थेंब येत होते.

झाकण जिनसाकूने स्वतः केलं. दुखऱ्या बोटांनी, एकच, पहिल्या झटक्यात. वरून झिलई दिली, आतली बाजू कोरी ठेवली.

भट्टी निवल्यावर खण रिकामा करायला नेहमीप्रमाणे मासुए आत शिरली. रचलेले वाडगे एकेक करून बाहेर देत होती. झाकण तिला सगळ्यांत शेवटी दिसलं, दाराजवळ खाली, थंड कोपऱ्यात. प्रत्येक खणाला असा एक कोपरा असतो. दाराच्या फटीतून तिथे गार वारा ओढला जातो, जाळ पोचतच नाही. तिथे कोणी विकायचा माल ठेवत नाही. आधाराच्या विटा आणि फुटकं खापर ठेवतात. जागा कमी पडली असेल, असं तिने स्वतःशी म्हटलं. खण मात्र पुरता भरलेला नव्हता.

सवयीने तिने बोटाच्या पेराने झाकणावर टिचकी मारली. आवाज भाजलेल्या भांड्यासारखा घुमला नाही, नुसतं ठक्क झालं. मग कोणी बघत नाही असं पाहून तिने आतल्या कोऱ्या बाजूला जिभेचं टोक लावलं. जीभ चिकटली. अर्धकच्च्या मातीला जीभ चिकटते. ओलाव्याचा थेंब जमू द्यायच्या आधीच ती माती तो पिऊन टाकते.

बाहेर जिनसाकू वाडगे मोजून फळ्यांवर लावत होता. तिने झाकण त्याच्या हातात दिलं. त्याने टिचकी मारली नाही. चाळीस वर्षं तो हातात आलेल्या प्रत्येक भांड्याला टिचकी मारत आला होता.

"घरात ने," तो म्हणाला.

खणापासून घरापर्यंत चढ होता. त्या चढावर मासुएला सांगण्याजोगं एकच वाक्य सुचत होतं, आणि ते अगदी सोपं होतं: आई, हे कच्चं आहे, बशीच राहू द्या. घरात शिरल्यावर तिने झाकण धुतलं, पुसलं आणि फळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर हात्सूने झाकण उचललं आणि उजेडाकडे धरलं. आत काही नव्हतं. तिने बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं.

"आज भात गार होता का गं?"

"नाही आई. चुलीवरून आत्ताच काढला होता."

ते खरंच होतं. खोटं बोलावं लागेल असं तिला कोणी काही विचारलंच नाही. त्यानंतरच्या दिवशी तसंच झालं, आणि त्यानंतरही. सेइगो वाडग्यात मान घालून जेवत होता. मग एका सकाळी हात्सूने पान मांडलं, पण जेवणं झाल्यावर झाकण उचललं नाही. हात पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, "मठातल्या गुरुजींना बोलावून आणा."

प्रेत नव्हतं. केस आणि नखं होती, ती एका पेटीत घातली. पेटी उंबऱ्याबाहेर निघाली तेव्हा हात्सूने वाडगा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून उंबऱ्याच्या दगडावर आपटला. तो फुटला नाही. घरंगळत अंगणात गेला. चांगला भाजलेला होता. कानेआजीने तोंडाला बाही लावली. जिनसाकूने वाडगा उचलून आणला आणि कुऱ्हाडीच्या तुंब्याने फोडला. मग झाकणावर एक घाव घातला. त्याचा आवाजच झाला नाही, ढेकूळ फुटावं तसं ते पसरलं. अंगणात उभं असलेलं प्रत्येक माणूस कुंभाराच्या घरचं होतं. कोणी मान वर केली नाही.

बर्फ पडायला लागण्यापूर्वी सेइगो आणि मासुए नवराबायको झाली. सरकारदरबारी तोकुजी अजून बेपत्ताच होता, त्यामुळे लिखापढी झाली नाही. शेजाऱ्यांसमोर दोघांनी तीन पेले दारू घोट घोट प्यायली, झालं लग्न. खाणीत जायला बांधलेलं गाठोडं सेइगोने सोडलं. पुढे कितीतरी दिवस तो तिला चुकून वहिनीच म्हणायचा आणि मग त्याचे कान लाल व्हायचे. घराचा खण घराकडे राहिला.

पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीला तार आली. मायझुरू बंदरात उतरलो, येतो. तोकुजी.

मासुएला सहावा महिना होता. तार सेइगोने वाचून दाखवली, घडी घालून परत उघडली आणि पुन्हा वाचली. हात्सू उठून चुलीपाशी गेली, तिथे काही काम नसताना. जिनसाकू म्हणाला, "त्याला वाडगा नाही."

ओसरीत फळ्यांवर वाडग्यांच्या रांगाच रांगा होत्या, विकायच्या. त्यांतलाच एक धुऊन घेतला.

तोकुजी पायी वर आला. दात बरेचसे गेले होते, केस पांढरे. अंगणात त्याने आईला वाकून नमस्कार केला, बापाला केला, मग मासुएकडे पाहिलं आणि तिच्या पोटाकडे पाहिलं.

"सेइगोचं?" त्याने विचारलं.

"हो."

"बरं," तो म्हणाला आणि बुटांच्या नाड्या सोडायला बसला. त्याला बराच वेळ लागला.

जेवताना त्याने भात संपवला आणि सवयीने वाडगा उलटा करून बूड पाहिलं. "सेइगो, तुझा ना? हात बसला तुझा. जड आहे, पण बसला."

"दादा," सेइगोने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "चाक तुझं आहे. मी उद्या जातो."

"थांब." तोकुजी आईकडे वळला. "माझं पान मांडत होतीस ना?"

"रोज."

"मग?"

"झाकण कोरडं निघालं," हात्सू म्हणाली.

"कधी?"

"गेल्या वर्षी. पानं झडायच्या वेळी."

तोकुजीने हिशोब केला. ओठ हलत होते. मग त्याचा चेहरा उजळला. इतका वेळ तो नुसता थकलेला होता. "बरोबर आहे," तो म्हणाला. "तेव्हा तिकडे पहिलं बर्फ पडलं होतं. माझ्या छातीत ताप भरला होता. आमच्याकडे एक खोपट होतं, ज्यांचं काही खरं नाही त्यांना तिकडे टाकायचे. मला टाकलं होतं. माझे बूटसुद्धा वाटून घेतले पोरांनी." तो हसला, बिनदातांचा. "म्हणजे झाकण खोटं नाही बोललं, आई. मी मेलोच होतो. मागाहून परतलो, त्याला झाकण काय करणार? तुम्ही बरोबर केलंत सगळं."

जिनसाकूने वाडगा तोंडाला लावला, रिकामा असताना. हात्सू उठली आणि मागच्या दाराने बाहेर गेली.

ती लाकडांच्या राशीमागे उभी होती. मासुए मागोमाग गेली.

"त्या दिवशी तू खणात जीभ लावलीस," हात्सू हळू आवाजात म्हणाली. "मी खणाच्या दाराशी होते, तुझं लक्ष नव्हतं."

मासुए राशीतल्या लाकडाची साल सोलू लागली.

"मला वाटलं, सून सांगेल. तू एक शब्द बोलली असतीस तर मी बशी उपडी घालून जन्मभर पान मांडलं असतं."

"मला वाटलं, तुम्हीच ओळखाल."

"ओळखलं होतंच की. हातात घेतलं तेव्हाच. त्या कोपऱ्यात तुझ्या सासऱ्याने उभ्या जन्मात घरचं भांडं ठेवलं नव्हतं." हात्सूने नाक पुसलं. "दमले होते गं मी. तूही दमलीस. म्हातारा तर आधीच दमला होता. आता ऐक. त्याला वाटतंय देवाने निरोप दिला. वाटू दे. घरच्यांनी सोडलं, यापेक्षा ते बरं. या घरात झाकणाचं नाव पुन्हा निघायचं नाही."

तोकुजी थोडे दिवस राहिला. चाकाजवळ गेला नाही. हिवाळ्याची लाकडं फोडून रचली, मुसळाचा मोडलेला दांडा बदलला. सेइगोने आणखी दोनदा चाक देऊ केलं. "आणि ते पोट?" तोकुजी म्हणाला. "मेलेल्याने जिवंत माणसाची जागा अडवायची नसते. ते बुटाचं काय म्हणत होतास तू? खाणीत खरंच देतात?"

तो निघाला तेव्हा हात्सू दारापर्यंतसुद्धा आली नाही. भाताचे गोळे बांधलेलं गाठोडं तिने मासुएकडे दिलं. मासुए वळणापर्यंत पोचवायला गेली. त्याला काय हाक मारावी हे तिला कळत नव्हतं, म्हणून ती अर्धं पाऊल मागून चालत होती. ओढ्याकाठची मुसळं एकामागून एक पडत होती.

"एक गोष्ट सांगू?" तोकुजी चालता चालता म्हणाला. आवाज मोकळा होता. "तिकडे फार वाटायचं, की आपलं नावसुद्धा कोणी काढत नसेल. रात्री त्याचीच जास्त भीती वाटायची, थंडीपेक्षा. आणि इथे माझ्या तापाची खबर भाताच्या झाकणाला लागत होती! तुम्ही दोघींनी मनापासून मांडलं असणार, त्याशिवाय नाही लागत. तो भात तू खायचीस म्हणे?"

"हो."

"बरं वाटलं ऐकून. तुझे उपकार झाले."

उपकार हा शब्द मासुएला सोसला नाही.

"झाकण कच्चं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"जुनं माझ्या हातून फुटलं. हे नवं होतं. थंड कोपऱ्यातलं. जीभ चिकटत होती."

तोकुजी कुंभाराचा मुलगा होता. त्याला याहून जास्त सांगावं लागलं नाही. तो थांबला.

"बाबांनी ठेवलं होतं तिथे?"

"हो."

"आईला?"

"माहीत होतं."

"आणि जीभ कोणी लावली?"

"मी."

मुसळ वर गेलं, पाणी सांडलं, मुसळ पडलं. तोकुजीने विचारलं, "मग माहीत नव्हतं कोणाला?"

"सेइगोला."

"त्याला हात आला, कान नाही आला," तो म्हणाला. हसायला गेला आणि ते जमलं नाही. "हे मला कशाला सांगितलंस?"

"तुम्ही उपकार म्हणालात. मला ते—"

"मी चाललोच होतो ना? काही मागत नव्हतो. बरा चाललो होतो." तो ओरडला नाही. "तेवढं झाकण मला पुरलं असतं. खाणीत घेऊन गेलो असतो. तुला हलकं व्हायचं होतं. झालीस?"

तिने गाठोडं पुढे केलं. त्याने ते घेतलं नाही. वळणावरून तो खाली उतरला आणि झाडांत दिसेनासा झाला.

मासुए परत आली तेव्हा हात्सू ओसरीवर बसली होती. तिने सुनेच्या हातातलं गाठोडं पाहिलं.

"सांगितलंस," ती म्हणाली.

मासुएने मान डोलावली. हात्सूने गाठोडं काढून घेतलं, सोडलं, भाताचे गोळे एकेक करून कोंबड्यांपुढे टाकले आणि फडकं झटकून वाळत घातलं. त्या दिवशी जेवायला बसल्यावर मासुएने सवयीने सासूचा वाडगा भरायला हात पुढे केला. हात्सूने वाडगा दिला नाही. पळी तिच्या हातातून घेतली आणि स्वतः वाढून घेतलं.

तोकुजीचं पत्र आलं नाही. कोणी म्हणालं त्याला एका खाणीत पाहिलं, मग ती खाण बंद पडली, मग कोणी काही म्हणेनासं झालं. मासुएला मुलगा झाला, नंतर दोन मुली. जिनसाकू एका हिवाळ्यात गेला; झाकण त्याने मुद्दाम त्या कोपऱ्यात ठेवलं होतं का, हे त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. सेइगोचे वाडगे हळूहळू हलके झाले, शहरातून दुकानदार घ्यायला येऊ लागले. मासुए माती चाळत राहिली, तुडवत राहिली. सुगिदानीत तिच्या हातच्या मातीला नाव होतं. कानेआजी मरेपर्यंत खोगिराची थट्टा करत होती, पण मासुएने पुन्हा तिला उत्तर दिलं नाही.

हात्सू बरीच वर्षं जगली. घरात कधी भांडण झालं नाही. सून म्हणून मासुएला ती पूर्वीसारखीच हाक मारायची, नातवंडं सांभाळायची, मातीच्या कामात सल्ला द्यायची. फक्त भात स्वतः वाढून घ्यायची. शेवटी शेवटी तिचा हात इतका कापायचा की अर्धी शितं चटईवर सांडायची. मुलं हसायची. मासुए पळीकडे हात नेई, तेव्हा म्हातारी पळी छातीशी धरून बसायची, समोरचं माणूस हात मागे घेईपर्यंत.

अंथरुणाला खिळल्यावर तिला स्वतः वाढता येईना. तेव्हा सेइगो चाकावरून उठून यायचा आणि मातीचे हात धुऊन तिला पेज भरवायचा. एकदा तो बाजाराला गेलेला असताना मासुए पेजेचा वाडगा घेऊन उशाशी बसली. हात्सूने तोंड मिटून घेतलं. सेइगो परत आला तोवर पेज गोठून तिच्यावर साय धरली होती, आणि दोघी तशाच बसलेल्या होत्या.